नागीण निघाली तर पहिले तीन दिवस, आणि लशीचा हिशेब

बरगडीच्या एका बाजूला दोन दिवस आग होते, सुया टोचल्यासारखं होतं, सदऱ्याचा स्पर्शही नको वाटतो. कातडीवर मात्र काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी लालसर चट्टा उठतो आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड घोसाघोसाने येतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात घरातली म्हातारी माणसं हे पाहून सांगतात, "नागीण निघाली." बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. चुकतं ते त्यापुढे. कुणी गेरू आणायला जातं, कुणी दूर्वा-तांदळाचा लेप वाटायला घेतं, कुणी शेजारच्या गावात मंत्र टाकणाऱ्याकडे नेतं. या धावपळीत ज्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत पोटात जायला हव्यात त्या सहाव्या दिवशी सुरू होतात, किंवा होतच नाहीत.

फोड दोन-चार आठवड्यांत असेही सुकतातच. त्यामुळे लेपाला आणि मंत्राला गुण आल्यासारखं वाटतं. गोळ्या लवकर घ्यायच्या त्या फोड लवकर आटोक्यात यावेत, डोळा-कान वाचावा आणि त्या दिवसांतली आग कमी व्हावी म्हणून. घरातल्या मोठ्यांची मंत्रावर श्रद्धा असेल तर वाद घालत बसू नका. आधी डॉक्टरकडे जा, पहिली गोळी घ्या, मग मनाच्या समाधानासाठी जिथे जायचं तिथे जा. फक्त फोडांवर काही लावू देऊ नका आणि तापलेल्या लोखंडाचा डाग तर कदापि देऊ देऊ नका.

वेटोळं पूर्ण झालं तर?

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. ती घालवायची असेल तर आजार कसा चालतो ते समजून घ्यावं लागेल.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या गाठी असतात. तिथे तो वर्षानुवर्षं निजून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की त्यातल्या एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. प्रत्येक मज्जातंतू मणक्यातून निघून आपल्या बाजूचा एक पट्टा सांभाळतो आणि तो पट्टा छाती-पोटाच्या मध्यरेषेवर संपतो. म्हणून नागीण एकाच बाजूला, पट्ट्यासारखी येते आणि मध्यरेषेपाशी थांबते. वेटोळं पूर्ण व्हायला दोन्ही बाजूंचे मज्जातंतू एकदम पेटावे लागतील, आणि तसं फारच क्वचित होतं.

त्या जुन्या भीतीत तथ्याचा एक कण आहे, तो मात्र सोडू नये. फोड दोन्ही बाजूंना आले किंवा मूळ पट्टा सोडून अंगभर विखुरले, तर प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. तरुण माणसाला फार मोठी किंवा पुन्हा पुन्हा नागीण येत असेल तर डॉक्टर रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासायला सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तपासणी लवकर झाली तर उपचारही लवकर मिळतात.

ओळखताना होणाऱ्या चुका

फोड येण्याआधीचे एक ते पाच दिवस फसवे असतात. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयाचं वाटतं, कमरेच्या बाजूला मुतखड्याचं, उजव्या पोटात अपेंडिक्सचं, मांडीत सायटिकाचं. छातीत दुखत असेल तर ईसीजी काढायलाच हवा, "नागीण असेल" म्हणून थांबू नये. पण सगळ्या तपासण्या बऱ्या आल्या, दुखणं एकाच बाजूच्या पट्ट्यात आहे आणि कातडीला हलका हात लावला तरी आग होते, असं असेल तर पुढचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ उजेडात ती जागा नीट बघा. पाठीकडचा भाग स्वतःला दिसत नाही, घरातल्या कुणाला तरी बघायला लावा. "कपाशीत काही तरी चावलं असेल" म्हणत पहिला चट्टा दुर्लक्षिला जातो, आणि तिथेच दिवस वाया जातात.

याउलट चूकही होते. पावसाळ्यात दिव्याभोवती एक छोटा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा येतो. तो मानेवर किंवा हातावर चिरडला गेला की सकाळी तिथे चटका बसल्यासारखी लाल रेघ आणि फोड दिसतात. हीसुद्धा पुष्कळदा नागीण समजली जाते. फरक असा की त्यात आधीचे दोन-तीन दिवस आतून दुखत नाही, ओरखड्यासारखी रेघ असते, आणि कोपराच्या किंवा मानेच्या घडीत समोरासमोरच्या दोन्ही कातड्यांवर सारखाच डाग उठतो. खात्री नसेल तर डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा नुसतं पाहून निदान होतं, रक्त तपासावं लागत नाही.

७२ तास कुठून मोजायचे

पहिला फोड दिसला तिथून मोजायचे, आधीच्या आगीपासून नाही. मंगळवारी सकाळी फोड दिसले तर शुक्रवार सकाळपर्यंत गोळी सुरू झालेली हवी. त्यानंतर गेलात तर उपयोग नाही असं समजून घरी बसू नका. नवे फोड येतच असतील, डोळ्याजवळ असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर उशिरानेही गोळ्या देतात.

गोळ्या तीन प्रकारच्या आहेत. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस. फॅमसायक्लोव्हिरही तीन वेळाच, मात्रा डॉक्टर लिहून देतील तशी. हे आकडे इथे दिलेत ते स्वतःहून गोळ्या आणाव्यात म्हणून नाहीत. हातात पडलेली चिठ्ठी आणि दुकानातून मिळालेलं पाकीट जुळतंय का, हे तुम्हाला पाहता यावं म्हणून दिलेत. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. असायक्लोव्हिर २०० आणि ४०० मिलिग्रॅममध्येही येते आणि दुसऱ्या आजारांसाठी कमी मात्रेत दिली जाते. दुकानात तोंडी "नागिणीची गोळी द्या" म्हटलं की कधी ४०० ची दोन वेळा घ्यायला सांगतात, कधी नुसती मलमाची ट्यूब हातात देतात. कमी मात्रेने नागीण आवरत नाही. आणि असायक्लोव्हिरचं मलम नागिणीत उपयोगाचं नाही. विषाणू मज्जातंतूत असतो, मलम वरच राहतं.

असायक्लोव्हिरची ८०० ची गोळी असेल तर पूर्ण कोर्सच्या ३५ गोळ्या होतात. तेवढ्या एकदम मोजून घ्या. पाच वेळा म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री उठायची गरज नाही. घड्याळाशेजारी कागद लावा आणि प्रत्येक गोळीनंतर खूण करा. दोन दिवसांत फोड सुकायला लागले म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडू नका. पाच वेळा घेणं जमणार नसेल, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना, तर डॉक्टरांना तसं सांगा. तीन वेळांची गोळी महाग पडते, पण चुकण्याची शक्यता कमी. परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात असायक्लोव्हिर विचारून पाहा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर हीच मात्रा घातक ठरू शकते, ती कमी करावी लागते. साठीच्या पुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतं का ते सांगणारी रक्ततपासणी) गेल्या काही महिन्यांत तपासलं नसेल तर ते तपासून घ्या, मात्र रिपोर्टची वाट पाहत पहिली गोळी किती थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा. कोर्स चालू असताना पाणी भरपूर प्यायचं. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ वर असतो तेव्हा तर हे विसरून चालतच नाही. शरीरात पाणी कमी पडलं की या औषधाचा मूत्रपिंडावर भार पडतो. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर किती पाणी चालेल ते विचारून घ्या. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या सोबत स्वतःहून घेऊ नका, त्या मूत्रपिंडावर दुहेरी ताण देतात. म्हातारं माणूस गोळ्या सुरू असताना अचानक असंबद्ध बोलायला लागलं, भास व्हायला लागले, तर "बाहेरचं झालं" म्हणत वेळ घालवू नका. औषध अंगात साचलं असेल किंवा विषाणू मेंदूपर्यंत गेला असेल. दोन्हीला दवाखानाच लागतो.

स्टेरॉईडच्या गोळ्या काही वेळा डॉक्टर जोडून देतात. त्यांनी सुरुवातीचं दुखणं थोडं हलकं होतं, फोड गेल्यावरही मागे राहणारं दुखणं मात्र त्यांनी टळत नाही आणि मधुमेह्याची साखर चढते. विषाणूच्या गोळीशिवाय नुसतं स्टेरॉईड घेऊ नये. दुकानातून आणलेलं खाजेचं लाल-पांढरं मिश्र मलमही लावू नये, त्यातही बहुधा स्टेरॉईड असतं.

फोड, कपडे, अंघोळ

अंघोळ रोज करायची. "पाणी लागलं की नागीण वाढते" हे खरं नाही. साधं किंवा कोमट पाणी, सौम्य साबण, फोडांवर घासायचं नाही. मऊ कपड्याने टिपून कोरडं करायचं आणि तो टॉवेल इतर कुणी वापरायचा नाही. फार आग होत असेल तर सुती कापड गार, स्वच्छ पाण्यात भिजवून पिळायचं आणि १५-२० मिनिटं ठेवायचं. दिवसातून तीन-चार वेळा चालतं. बर्फ थेट ठेवू नका. न फुटलेल्या फोडांवर कॅलामाइन लोशन लावता येतं. फुटून ओले झालेल्या ठिकाणी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारी पट्टी. नुसता कापूस ठेवला तर तो जखमेत चिकटतो आणि काढताना कातडी सोलून येते.

जुन्या, शंभरदा धुतलेल्या लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा या दिवसांत विकतच्या कुठल्याही कपड्यापेक्षा सुखाचा असतो. कमरेवर नागीण असेल तर परकराची किंवा लेंग्याची नाडी नेमकी फोडांवर घासते. काही दिवस गाऊन किंवा सैल सदरा घाला. करदोडा काढून ठेवा. तो घामाने ओला होतो, दिवसभर घासतो, आणि त्याच्याखालचे फोड सगळ्यात आधी चिघळतात.

गेरू, चुना, हळद, शाई, झाडपाल्याचा रस, राख यांतलं काहीही उघड्या फोडावर लावलं की दोन नुकसान होतात. एक तर मातीतले जंतू जखमेत जातात. दुसरं, रंगाखाली जखम पिकली की सुकली हे डॉक्टरला दिसत नाही. आधीच लावलं असेल तर खरवडू नका. पाण्याने भिजवून हळूहळू निघू द्या. फोड सुईने फोडायचे नाहीत. नखं कापून ठेवा, झोपेत हात जातोच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून, यकृताचा त्रास नसलेल्या माणसाने घ्यायला हरकत नाही. नागिणीचं दुखणं अनेकदा याला जुमानत नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल तर ते सहन करत बसू नका, डॉक्टर मज्जातंतूच्या दुखण्याची वेगळी गोळी सुरुवातीपासूनच देऊ शकतात. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर एरवीपेक्षा जास्त वेळा तपासा.

वेळ न घालवता निघायचं कधी

कपाळावर किंवा पापणीवर फोड असतील तर, आणि नाकाच्या शेंड्यावर एक जरी फोड असेल तर, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला जाणारा मज्जातंतू एकाच फांदीचा आहे, त्यामुळे तो फोड म्हणजे डोळ्यालाही धोका असल्याची खूण. डोळा लाल नाही, नीट दिसतंय, तरीही जायचंच. घरातले जुने थेंब घालायचे नाहीत, स्टेरॉईडचे तर नाहीतच.

कानात किंवा कानाभोवती फोड आले, तोंड एका बाजूला वाकडं झालं, डोळा मिटेना, चक्कर येते, ऐकू कमी येतं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे तातडीने. अशा वेळी "वारं लागलं" म्हणून मालीश करत बसलं तर चेहरा कायमचा वाकडा राहू शकतो. तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, ताप, गुंगी, हातापायातली ताकद जाणं, कमरेखालच्या नागिणीत लघवी अडणं, फोडांभोवती लाली पसरत जाणं आणि पू होणं, ही सगळी दवाखान्याची कारणं आहेत. केमोथेरपी चालू असलेला, अवयव बदललेला, एचआयव्हीबाधित किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा माणूस असेल तर एकच फोड असला तरी थांबू नका.

एरवी गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत. गुंतागुंत असेल तर त्वचारोग, नेत्र आणि कान-नाक-घसा हे तिन्ही विभाग एका छताखाली मिळणं सोयीचं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं त्यासाठी आहेत. जाताना पहिला फोड कधी दिसला ती तारीख-वेळ, चालू औषधांची पाकिटं आणि आधीचे रिपोर्ट घ्या.

घरात बाळ असेल, बाळंतीण असेल

नागीण एकाची दुसऱ्याला "नागीण" म्हणून लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो आणि ज्याला कांजिण्या झाल्याच नाहीत किंवा ज्याने त्यांची लस घेतली नाही, त्याला त्या पाण्याच्या स्पर्शाने कांजिण्या येऊ शकतात. सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, हा धोका राहतो. मोठ्या माणसांना अडचण नसते, बहुतेकांना कांजिण्या होऊन गेलेल्या असतात. जपायचं ते गरोदर बाईला, वर्षाच्या आतल्या बाळाला आणि कॅन्सरसारख्या आजाराच्या रुग्णाला.

आजीला नागीण असेल आणि घरात लेक बाळंतपणाला आली असेल, तर बाळाची तेलमालीश आणि अंघोळ आजीने खपल्या धरेपर्यंत करू नये. फोड झाकलेले ठेवायचे, पट्टी बदलली की हात साबणाने धुवायचे, अंथरूण-टॉवेल वेगळं. ताट-वाटी वेगळी करून, त्या माणसाला पडवीत एकटं बसवायची गरज नाही. ती शिक्षा विनाकारण होते.

फोड गेले, आग राहिली

फोड आल्यापासून तीन महिने उलटल्यावरही दुखत असेल तर ते नागिणीच्या मागे राहणारं मज्जातंतूचं दुखणं. नागीण झालेल्या दर शंभरांतल्या दहा ते अठरा जणांना ते होतं, आणि वय जितकं जास्त तितकी शक्यता जास्त. आग, मधूनच करंट बसल्यासारखी कळ, आणि सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे पंख्याचा वारा किंवा ब्लाउजची कड लागली तरी असह्य होणं. वरून कातडी बरी दिसते. म्हणून घरच्यांना वाटतं की आता उगीच कुरकुर चालली आहे. उगीच नसते. मज्जातंतू जखमी झालेला असतो आणि तो साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून मेंदूकडे पाठवतो.

यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबॅलिन, नाहीतर अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन देतात, तीही अगदी थोड्या मात्रेने रात्री सुरू करून हळूहळू वाढवत. फरक दिसायला आठवडे लागतात. पहिले काही दिवस झापड येते, चक्कर येते. रात्री लघवीला उठताना म्हातारं माणूस पडतं ते याच काळात. दिवा चालू ठेवा, सोबत कुणी झोपा. अमिट्रिप्टिलिन सुरू करण्याआधी प्रोस्टेट, काचबिंदू आणि हृदयाचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. आणि बरं वाटलं म्हणून गॅबापेंटिन एकदम बंद करू नका, ते उतरवत न्यायचं असतं. लिडोकेनच्या पट्ट्या फक्त अखंड कातडीवर, बारा तास लावून बारा तास काढून ठेवायच्या. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावतात, पण खपल्या पूर्ण पडल्याशिवाय नाही, आणि लावल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. पहिले काही दिवस ते आगच वाढवतं, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. वर्षभर हे चाललं आणि झोप, भूक, बोलणं कमी झालं तर मनाच्या उपचाराचाही विचार करा.

लस कुणी घ्यायची

भारतात २०२३ पासून शिंग्रिक्स ही लस मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या कवचावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला जोर देणारं एक मिश्रण, इतकंच तिच्यात असतं. त्यामुळे लशीने नागीण "येत" नाही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते. ५० च्या पुढच्यांसाठी दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, दंडाच्या स्नायूत. २०१५ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ५० च्या पुढच्यांत नागीण टळण्याचं प्रमाण ९७ टक्के आणि ७० च्या पुढच्यांत ९० टक्क्यांच्या आसपास होतं. दहा वर्षांनंतरही संरक्षण बऱ्यापैकी टिकून राहिलेलं दिसलं आहे. नागीणच टळली की मागे राहणारं दुखणंही टळतं.

अडचण पैशाची आहे. एका डोसला साधारण दहा हजार, म्हणजे दोन डोसांचे वीस हजारांच्या घरात. सरकारी लसीकरणात ही लस नाही. सोयाबीनचं पीक गेलेल्या वर्षी ही रक्कम कुणाला सहज निघणारी नाही, म्हणून क्रम लावायला हवा. आमच्या मते पहिला हक्क ६० च्या पुढच्या अशा माणसांचा, ज्यांना मधुमेह आहे, दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा संधिवातासाठी स्टेरॉईड, मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिबसारखी औषधं चालू आहेत किंवा सुरू होणार आहेत. शक्य असेल तर अशी औषधं सुरू होण्याआधीच लस घ्यावी, म्हणून ती लिहून मिळाल्यावर लगेच डॉक्टरांना विचारा. कुठल्या तरी पुड्या खाऊन वर्षानुवर्षं गुडघेदुखी दाबणाऱ्यांनीही स्वतःला याच गटात धरावं, अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं आढळतं. नंतर ६५ च्या पुढचे बाकी सगळे. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाने पैसे असतील तर जरूर घ्यावी. नसतील तर कर्ज काढून घेऊ नये. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा, नागिणीची पहिली खूण ओळखायला शिकावी, आणि पुढे परवडेल तेव्हा घ्यावी.

"मला कांजिण्या झाल्याचं आठवत नाही" म्हणून लस टाळायची गरज नाही आणि त्यासाठी रक्ततपासणीही लागत नाही. नागीण आधी होऊन गेली असली तरी लस घेता येते, कारण नागीण पुन्हा येऊ शकते. मात्र फोड असताना घ्यायची नाही, पूर्ण बरं झाल्यावरच. चालू नागिणीवर किंवा मागे राहिलेल्या दुखण्यावर ही लस उपचार नाही. गरोदरपणात पुढे ढकलतात, अंगात ताप असेल तर उतरू देतात, आणि पहिल्या डोसला घशाला सूज, श्वास लागणं अशी गंभीर ॲलर्जी आली असेल तर दुसरा देत नाहीत. वयाने ५० च्या आत पण प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर निर्णय तज्ज्ञांचा.

त्रास होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. दंड दुखणं दहातल्या सात-आठ जणांना, थकवा आणि अंगदुखी जवळपास निम्म्यांना, काहींना थंडी-ताप. दोन-तीन दिवसांत उतरतं. लग्नाच्या आदल्या दिवशी, प्रवासाच्या किंवा कापूस वेचणीच्या तोंडावर डोस घेऊ नका. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, आधीच खबरदारी म्हणून नको. गिया-बारे हा हातापायातली ताकद जाण्याचा आजार दर दहा लाख डोसांमागे साधारण तीन जणांत जास्त आढळल्याची नोंद अमेरिकेत आहे. पूर्वी तो होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते.

कुठे घ्यायची, हे आपल्या भागात विशेष महत्त्वाचं. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते आणि एकदा गोठली की वाया जाते. मेडिकलमधून पिशवीत घेऊन बसने गावी न्यायची आणि तिथे टोचून घ्यायची, असं करू नका. बर्फावर थेट ठेवली तर गोठेल, उन्हात ठेवली तर तापेल. जिथे लशीचा फ्रिज आहे, त्याला तापमापक आहे आणि लाईट गेल्यावर बॅकअप आहे तिथेच टोचून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत आणि बऱ्याच बालरोगतज्ज्ञांकडे हे असतं. दोन-चार दिवस आधी फोन करून लस मागवून ठेवायला सांगा, ती सगळीकडे कायम ठेवलेली नसते. टोचण्याआधी बॉक्स पाहा. त्यात दोन कुप्या असतात, एकीत भुकटी आणि दुसरीत द्रव. द्रव भुकटीत घालून हलवूनच टोचतात. नुसता द्रव टोचला गेला तर लस लागलीच नाही असं धरा. मुदतीची तारीख बघा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. कमरेत नको, दंडातच. नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरा.

दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवशी घरातल्या दिनदर्शिकेवर, पहिल्या डोसपासून बरोबर दोन महिन्यांनी, लाल शाईने लिहून ठेवा. सुगीमुळे सहा महिने उलटून गेले तरी पहिला डोस वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. दुसरा लगेच घेऊन टाका.